साधनाताईंनी पास केलेला क्रँक

मखमलाबादच्या साधना विधाते यांना अंबडच्या कारखान्यात सगळे अंधारवाली ताई म्हणतात. यात चिडवाचिडवी काही नाही, ताई खरोखरच अंधारात बसतात. सकाळी सातची पाळी. बाहेर ऊन मी म्हणत असतं, आणि ताई जाड काळ्या पडद्यांच्या आत, खाटेएवढ्या जागेत, एका जांभळ्या दिव्याखाली. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्या काहीच करत नाहीत, नुसत्या बसून राहतात. डोळ्यांना अंधार समजायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. नव्या सुपरवायझरला हे नुसतं बसणं खपत नाही, तो बाहेरून मनगटावरचं घड्याळ दाखवतो. पण मधे पडदा असल्यामुळे ते घड्याळ त्याचं त्यालाच दिसतं.

त्या कारखान्यात क्रँक घडतात. ज्यांचा इंजिनाशी पेट्रोल भरण्यापलीकडे संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगून टाकलेलं बरं. इंजिनात पिस्टन वर-खाली होत असतात, आणि त्या वर-खाली होण्याचं गोल फिरणं करून चाकांकडे पाठवतो तो क्रँक. दिसायला काही देखणा नाही. हातभर लांबीचा, ठिकठिकाणी बगल दिल्यासारखा वाकलेला लोखंडी दांडा. पण इंजिनाचा सगळा भार त्याच्यावर. तो धावताना तुटला तर त्याचे तुकडे आतून इंजिन फोडून बाहेर येतात, आणि मग बाकीचं किती चांगलं होतं याची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

म्हणून प्रत्येक क्रँक आधी ताईंच्या समोर येतो. त्याच्यातून जोरदार करंट सोडला की तो लोहचुंबक होतो. मग वरून एक हिरवट पाणी ओतायचं. त्या पाण्यात लोखंडाची पिठासारखी भुकटी असते. कुठे तडा असेल तर भुकटी तिथे जाऊन बसते आणि जांभळ्या उजेडात चमकते. केसाएवढी हिरवी रेघ. रेघ दिसली की लाल खडूची फुली, नाही दिसली की पास. पास झालेला क्रँक पडद्याखालून पलीकडे सरकवून द्यायचा. पलीकडे भिका असतो. पुढचं भिका बघतो.

बावीस वर्षं हे काम केल्यावर माणूस चिडका तरी होतो, नाहीतर स्वप्नाळू. ताई स्वप्नाळू झाल्या. हिरवं पाणी लोखंडावरून ओघळत खाली जातं, तेव्हा त्यांना त्यात कायकाय दिसतं. एखादा क्रँक हातात आला की हा दिंडोरीच्या द्राक्षांचा टेम्पो ओढणार, हे त्यांना आतून कळतं. दुसरा एखाद्या नव्या जोडप्याला सप्तशृंग गडावर घेऊन जाणार असतो, आणि घाटात नवरीला मळमळणार असतं. तिसरा देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा सुभेदाराच्या गाडीत बसतो आणि फार शिस्तीत वागतो. कुणी याला येडेपणा म्हणेल तर म्हणो. ताईंच्या हातून एवढ्या वर्षांत तडा सुटल्याची एकही तक्रार कारखान्यात आलेली नाही.

घरचं म्हणाल तर, ताईंचं लग्न दीड वर्ष टिकलं. एका सकाळी त्या सासरहून पिशवी घेऊन निघाल्या त्या थेट मखमलाबादच्या मळ्यात आल्या. वडील शेवंती आणि झेंडू लावायचे. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खुडायला लावलं. धाकट्या भावाने, कुंदनने, पुढे पेठ रोडला गॅरेज टाकलं. त्याची बायको पहाटे फुलबाजाराला जायची, म्हणून त्यांची मुलगी भाग्यश्री आत्याच्याच कुशीत वाढली. आत्याच्या पदराला तेव्हा तेलाचा वास यायचा. भाग्यश्रीला अजूनही तो वास आला की झोप येते, असं ती सांगते.

आता भाग्यश्री चोवीस वर्षांची आहे, डिप्लोमा करून बापाच्या गॅरेजमध्येच काम करते, आणि दोघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक गाडी बांधायला घेतली होती. बाजारात जायची गाडी नव्हे. ड्रॅग रेसची. ही शर्यत म्हणजे सरळ चारशे मीटरचा रस्ता, शेजारी-शेजारी दोन गाड्या, वळण नाही, खड्डा नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि जिचं नाक आधी पोचेल ती जिंकली. सगळा खेळ तेरा-चौदा सेकंदांचा. कुंदनचे शेजारी म्हणायचे, तेरा सेकंदांसाठी दोन वर्षं? कुंदन म्हणायचा, लग्नाला तर वीस मिनिटंच लागतात, तयारी बघा किती करता.

गाडी चालवणार होती भाग्यश्री.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. पाळी संपवून ताई गॅरेजवर आल्या, तर कुंदनने गोणपाट अंथरून त्यावर तीन क्रँक मांडून ठेवले होते, स्थळं दाखवायला काढावीत तसे. भाग्यश्री शेजारी स्टुलावर बसलेली.

"ताई, आलीस? बस. ह्यातला एक निवड," कुंदन म्हणाला. "सगळी गाडी झालीये. एवढ्यावरच गाडं आडलंय."

पहिला क्रँक त्या इंजिनाचा मूळचा होता, ओतीव लोखंडाचा. दुसरा नवाकोरा. दक्षिणेतल्या एका वर्कशॉपने पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून तो कोरून काढला होता, आणि त्यात तोंड बघून भांग पाडावा इतका तो लखलखत होता. तिसरा मालेगावच्या भंगार बाजारातून आलेला. कुठल्याशा परदेशी गाडीच्या इंजिनातून निघालेला, घणाखाली घडवलेला, काळपट. त्याचे फिरायचे भाग कुंदनने घासून नीट करून घेतले होते, तेवढेच काय ते उजळ दिसत.

"माझा जीव ह्या नव्यावर हाये," कुंदन म्हणाला. "ह्याचा हात चार मिलिमीटरनं लांब हाये. ताकद बघ कशी देईल."

"पण पप्पा, लांब हाताचा क्रँक वर फिरायला कुरकुरतो," भाग्यश्री म्हणाली. "आपल्याला मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या वर न्यायचंय. आत्या, तू सांग ना."

ताईंच्या डोळ्यांपुढे उसाचा चरक आला. दांडा लांब असला की ऊस सहज चिरडतो, पण गोल फिरवताना दमछाक होते. आखूड दांड्याला जोर जास्त लागतो, पण तो गरागरा फिरतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणजे वाद मिटायचा नव्हता. ताईंनी साखळीच्या कप्पीला दोरी बांधायला लावली आणि एकेक क्रँक अधांतरी टांगून पान्याने हलकेच टोला दिला.

ओतीव क्रँक ठप्प वाजला आणि गप्प झाला. "हा रोजच्या वापराला झकास," ताई म्हणाल्या, "पण तुमच्या धिंगाण्याला नाही पुरणार." नवा क्रँक छान वाजला, देवळातल्या घंटेसारखा. आणि मालेगावचा? तो वाजतच राहिला. ताईंनी डोळे मिटून घेतले. आवाज बारीक होत होत कुठेतरी लांब गेला, आणि त्याच्या मागोमाग ताईही गेल्या. त्यांना एक पांढरा गार मुलुख दिसला, तिथला ओला रस्ता, त्या रस्त्याने कुणी म्हातारा डॉक्टर रोज पहाटे गाडी घेऊन निघालेला. मग जहाज, मग बंदर, मग मालेगावातला लोखंडाचा ढीग आणि त्यामागे यंत्रमागांची खडखड. एवढं सगळं भोगून हा दांडा अजून सुरात होता.

"आत्या, झोपलीस का?" भाग्यश्रीने विचारलं.

"नाही गं. दोघांचा आवाज चांगला आहे," ताई म्हणाल्या. "पण आवाजावर मी कुणाला पास करत नाही. अंधारात बघावं लागेल."

शनिवारी कारखान्यांना सुट्टी असते. ताईंच्या ओळखीच्या एकाचं अंबडलाच छोटंसं वर्कशॉप होतं, तिथे तसंच एक जुनं मशीन होतं. त्याने किल्ली दिली. तिघं दोन क्रँक घेऊन सकाळीच गेले. ताईंनी पडदे ओढले, पाच मिनिटं बसल्या, आणि आधी नव्या क्रँकवर हिरवं पाणी सोडलं.

मधल्या वळणावर, जिथे तो सगळ्यात जास्त चमकत होता तिथेच, रेघा उठल्या. आडव्या, बारीक, एकीशेजारी एक, कंगव्याच्या दातांसारख्या.

"घासताना तापवलाय," ताई म्हणाल्या. "वरून आरसा, आत भेगा."

"कुठं? मला तर काय बी दिसत नाय," कुंदन म्हणाला.

"पाच मिनिटं बस. बोलू नकोस."

कुंदनला पाच मिनिटं न बोलता बसवणं ही काही सोपी गोष्ट नाही. पण तो बसला. हळूहळू त्याच्या डोळ्यांनाही अंधार समजला आणि रेघा दिसल्या. त्याचं तोंड इतकं उतरलं की ताईंना जांभळ्या उजेडातसुद्धा ते कळलं. त्यांनी लाल खडूने फुली मारली.

मग मालेगावचा. ताईंनी तो एकदा पाहिला, फिरवून पाहिला, पुन्हा पाणी सोडून पाहिला. काळा, शांत, एक चांदणीही नसलेल्या आभाळासारखा. कुठे काही नाही. ताईंना इतका आनंद झाला की कारखान्यात ज्या शब्दाला त्या नुसती मान हलवतात, तो त्यांनी मोठ्याने उच्चारला. "पास!" भाग्यश्रीने पडद्यातच आत्याला मिठी मारली. कुंदनने क्रँक पुसला, गोणपाटात गुंडाळला, बाळासारखा उचलून जीपमध्ये ठेवला, आणि तिघं हसत-खिदळत परत आले.

थंडीभर इंजिन बांधणं चाललं. जानेवारीत एका दुपारी ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ताई मळ्यात शेवंती खुडत होत्या. कुंदनने फोनवरून आवाज ऐकवला. त्या घुमणाऱ्या आवाजात ताई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या, ओंजळीतली फुलं खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. रोज थोडं थोडं चालवून इंजिन सरावाला आणलं. शर्यत धुळ्याच्या पलीकडे, एका खासगी धावपट्टीवर, रविवारी होती.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी ताई पडद्यात होत्या. आठ-दहा क्रँक पास करून त्यांनी नेहमीसारखे पलीकडे सरकवले, आणि बाहेरून सुपरवायझर ओरडला, "ताई, जरा थांबा! भिका सुट्टीवर आहे. डिमॅग झाल्याशिवाय एकही क्रँक पुढे जाणार नाही."

डिमॅग म्हणजे चुंबकी उतरवणं. तपासताना क्रँक लोहचुंबक होतो, तो आपोआप पुन्हा साधा लोखंडी होत नाही. त्याला एका तारांच्या कड्यातून ओढून काढावं लागतं. कारखान्यात ते भिकाचं काम. पडद्याच्या पलीकडचं.

ताईंचा हात हवेतच राहिला. मालेगावच्या क्रँकची चुंबकी कुणी उतरवली होती?

कुणीच नाही. त्या वर्कशॉपमध्ये तारांचं कडं होतं, कोपऱ्यात पोत्यांखाली पडलेलं. ताईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नवशिक्याने ही चूक केली नसती, त्याने वहीत बघून शेवटची पायरीसुद्धा केली असती. ही चूक बावीस वर्षं एकच काम नेकीने केलेल्या माणसालाच जमते. ताईंच्या हाताला क्रँक पास करायची सवय होती आणि पुढे सरकवून द्यायची. पुढे काय होतं, हे हाताला ठाऊकच नव्हतं.

पुढे काय होतं हे डोक्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. इंजिनाच्या तेलात लोखंडाची बारीक धूळ असतेच, नव्या इंजिनात तर जास्तच. चुंबकी क्रँक ती धूळ ओढून अंगाला चिकटवून घेतो. मग ती धूळ क्रँक ज्यात फिरतो त्या मऊ बेअरिंगला खरवडते, आठ हजारांवर फिरताना मधला तेलाचा थर फाटतो, आणि क्रँक क्षणात जाम होतो. त्या क्रँकपासून भाग्यश्रीचे पाय एका पत्र्याइतके लांब असणार होते.

ताई अंधारात बसून राहिल्या. खरं ते सांगायला हवं. अर्धा तास त्यांनी हाही विचार केला की गप्प राहावं. तेरा सेकंदांचा तर प्रश्न. टिकेलही. टिकलं तर कुणाला कळणार नाही, आणि अंधारवाल्या ताईंचं नाव जसंच्या तसं राहील. त्या अंधारात त्यांना टेम्पो दिसला नाही, गड दिसला नाही, सुभेदार दिसला नाही. मग त्या उठल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पेठ रोडला गेल्या.

"कुंदन, इंजिन खोलावं लागेल," त्या दारातूनच म्हणाल्या.

कुंदन हसला. त्याला चेष्टाच वाटली. मग त्याने बहिणीचं तोंड पाहिलं.

"त्या शनिवारी क्रँकची चुंबकी उतरवायची राहिली. माझ्याकडून."

"ताई, आज बुधवार हाये," कुंदन सावकाश म्हणाला. "रविवारी रेस हाये."

"माहितीये."

"तेरा सेकंद पळायचंय गं! तेवढं निघंल की त्यातून!"

"निघेलही. पण मी पास म्हणणार नाही."

"तूच म्हणालीस ना पास? नाचत होतीस तवा!"

"म्हणाले होते. चुकले. आता नाही म्हणते."

कुंदनने हातातला पाना दाणकन टेबलावर टाकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला तो तेल काढायचं घमेलं घेऊनच. भाग्यश्री त्या दिवशी शर्यतीच्या कागदपत्रांसाठी धुळ्याला गेली होती आणि शर्यतीपर्यंत तिथे मैत्रिणीकडेच राहणार होती. "भागूला यातलं काय बी सांगू नको," कुंदन म्हणाला. "बिचकंल उगाच." ताईंनी घमेलं इंजिनाखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत क्रँक बाहेर आला. तेलाच्या भोकांच्या कडेला काळी लव उगवली होती, मिसरूड फुटावं तशी. कुंदनने ती फडक्याने पुसली, तर ती फडक्यावरून सरकत परत क्रँकला जाऊन चिकटली. मग त्याने बेअरिंगवरून नख फिरवलं. नख अडकलं. त्याने ते पुन्हा फिरवलं, आणि मग तो खालीच बसला.

थोड्या वेळाने उठून त्याने चहा सांगितला, बहिणीच्या कपातली साय स्वतः काढून टाकली. तिला साय आवडत नाही हे तो विसरला नव्हता. त्यातच काय ते भांडण मिटलं. बेअरिंगचा एक जोड त्याने जास्तीचा आणून ठेवला होता, म्हणून निभावलं.

भिका गिरणारे गावी पुतणीच्या साखरपुड्याला गेला होता. ताईंचा निरोप मिळाला, तसा शुक्रवारी सकाळी तो नवा शर्ट घालूनच त्या वर्कशॉपवर आला. पोत्यांखालून कडं काढून त्याने फुंकर मारली.

"ताई, आज कळलं व्हय, पडद्याच्या पलीकडं माणूस बसतंय ते?"

"कळलं, भिकाभाऊ," ताई म्हणाल्या. एरवी त्यांनी उलट टोमणा मारला असता.

"मग तुम्हीच वढा. म्या सांगतो. करंट चालू ठेवायचा आन् वढायचं. हळू. लय हळू. पाच पावलं लांब गेल्याबिगर बटण बंद करायचं नाय. मधीच घाई केली का सम्दं जिथल्या तिथं."

लाकडी गाड्यावर क्रँक ठेवून तो कड्यात सरकवला. कड्यातून करंट सुरू झाला, तसा तो गुणगुणायला लागला. ती गुणगुण ताईंच्या तळव्यांतून दंडात चढली. गाडा ओढत त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. गुणगुण जराशी कमी झाली. आणखी एक पाऊल. जणू कुणी मागून हाक मारत होतं, आणि प्रत्येक पावलाला ती हाक धूसर होत होती. ताईंना एकाएकी सासरचा उंबरठा आठवला. तिथून त्या एका झटक्यात निघाल्या होत्या, मागे वळूनही न पाहता, आणि म्हणूनच की काय ते घर वर्षानुवर्षं त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं होतं. असं हळू निघायला हवं होतं, त्यांना वाटलं. पावलापावलाने. तिसरं पाऊल, चौथं. आता तळव्यात फक्त एक मुंगी उरली होती. पाचव्या पावलाला तीही गेली. कुंदन भिंतीला टेकून बघत होता. किती वेळ गेला कुणाला कळलं नाही.

"बंद," भिका म्हणाला. त्याने ताईंच्या केसांतला एक आकडा मागून घेतला, दोऱ्याला बांधला आणि क्रँकच्या अंगावरून सावकाश फिरवला. आकडा लोंबत राहिला. कुठेही ओढला गेला नाही.

शनिवारी इंजिन पुन्हा जोडलं, तासभर चालवून बघितलं. रविवारी उजाडता गाडी ट्रेलरवर चढवून कुंदन आणि ताई निघाले. भाग्यश्री तिकडेच भेटणार होती.

धावपट्टी माळावर होती, टोकाकडे उन्हात पाण्यासारखी हलणारी. शंभरेक गाड्या, रबराचा जळका वास, लाउडस्पीकर. ताईंना सगळं फार लख्ख वाटत होतं, डोळ्यांवर हात धरूनच त्या चालत होत्या. भाग्यश्री जाड सूट घालून, हेल्मेट काखेत मारून आली. येणारा-जाणारा तिच्या पाठीवर थाप मारत होता. काही होत नाही, टेन्शन घेऊ नको, बिनधास्त जा. कुंदनही तेच म्हणाला. आणि मुलीच्या डोक्यावरून त्याने बहिणीला डोळ्यांनी खूण केली, बोलू नको.

"भागू, बसायच्या आधी एक ऐक," ताई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. आपण काय विसरलो ते, इंजिन खोलल्यावर काय दिसलं ते, नखाला काय लागलं ते, भिकाने काय केलं ते. काही लपवलं नाही आणि काही फुगवलंही नाही. कुंदन खाली मान घालून जमीन उकरत होता.

"आणि आता?" भाग्यश्रीने विचारलं.

"आता मला त्यात काही वाईट सापडत नाही," ताई म्हणाल्या. "पण त्या शनिवारीही सापडलं नव्हतं, भागू. बसणारी तू आहेस. म्हणून तुला कळायला हवं. नको वाटत असेल तर आत्ता गाडी परत चढवू. तुझ्या बापाला मी बघते."

भाग्यश्री गाडीकडे बघत राहिली. मग आत्याकडे. लाउडस्पीकरवर तिचा नंबर पुकारला, तरी ती हलली नाही.

"सकाळपासून सगळे मला सांगतायत, काही होत नाही, काही होत नाही," ती म्हणाली. "खरं सांगू का आत्या, त्यानेच जास्त भीती वाटत होती. काय होऊ शकलं असतं ते तू एकटीने सांगितलंस." तिने केस मागे घेतले आणि हेल्मेट डोक्यात घातलं. "आता बसते."

दोन गाड्या रेषेवर आल्या. कुंदनने ताईंचा दंड घट्ट धरला होता, इतका की नंतर तिथे वळ उठला. दिवे पिवळे झाले, हिरवे झाले, आणि जमीन हादरली. बावीस वर्षं केसाएवढी रेघ न चुकवणाऱ्या बाईचे डोळे नेमके तेव्हाच भरून आले, आणि समोरून गेलेली भाग्यश्रीची लाल गाडी त्यांना दिसलीच नाही. फक्त आवाज ऐकू आला, वर चढत गेलेला, आठ हजारांच्याही वर, आणि मग लांब गेलेला.

"कुंदन, पोचली का रे?"

"पोचली," कुंदन म्हणाला. मग तो बरंच काही सांगत होता. तेरा पूर्णांक किती, शेजारची गाडी पाव सेकंदाने कशी पुढे गेली, पुढच्या वेळी काय बदलायचं. ताईंच्या कानांत त्यातलं काहीच शिरत नव्हतं. पदराने डोळे पुसून त्या लांब टोकाकडे बघत होत्या. तिथे गाडी थांबली होती. दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि भाग्यश्री त्या पायांवर उभी राहून त्यांच्याकडे चालत यायला लागली. ताई तिथेच, तापलेल्या धावपट्टीवर मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या.